सवलत पन्नास टक्के, विश्वास किती?

‘आमची कोठेही शाखा नाही’ या पुणेरी पाटीची आजवर भरपूर थट्टा झाली. परंतु त्या पाटीत व्यापाराचे एक तत्त्व होते. मालाबद्दल तक्रार असेल तर ग्राहकाने याच उंबरठ्यावर यावे आणि दुकानदारालाही तोंड लपवायला दुसरी जागा नसावी, असा तिचा सरळ अर्थ होता. ‘एकच भाव’ ही पाटीही त्याच कुळातली. आज त्याच पेठांतून किंवा दादरच्या रानडे रस्त्यावरून फेरफटका मारला, तर नजरेत भरतात ते ‘फ्लॅट ५० टक्के’, ‘एकावर एक मोफत’ आणि ‘शेवटचे दोन दिवस’ हे फलक. यातले शेवटचे दोन दिवस आषाढात सुरू होतात आणि गणपती आले तरी संपत नाहीत.

वस्तुतः हंगामी सवलत म्हणजे लबाडी नव्हे. पावसाळ्यात लग्नसराई थांबते, गिऱ्हाईक रोडावते, भांडवल मालात अडकून पडते आणि दिवाळीचा नवा माल भरण्यासाठी फडताळे रिकामी करावी लागतात. अशा वेळी नफ्यावर पाणी सोडून माल काढणे हे व्यापारी शहाणपणच आहे आणि त्यात ग्राहकाचेही हित आहे. प्रश्न उभा राहतो तो मूळ किमतीपाशी. पन्नास टक्के सूट, पण कशावर? छापील किंमत ही कमाल मर्यादा असते. तिच्याहून एक रुपया अधिक घेतला तर वैधमापन नियमांचा भंग होतो. मात्र ती किंमत मुळात वाजवी होती काय, त्या किमतीला एक तरी नग विकला गेला होता काय, याची विचारपूस होत नाही. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, सवलत जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत सांगावी लागते. आपल्याकडे मागील किमतीला असे कालमर्यादेचे कुंपण नाही.

या खेळाचे सर्वांत ठळक उदाहरण सराफी पेढीवर सापडते. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो, तो सगळ्यांना ठाऊक असतो. त्यात सूट देण्यास फारसा वाव नसतो. म्हणून सवलतीचे सारे नाट्य घडणावळीवर रचले जाते. घडणावळीला छापील किंमत नसते, तिचा दर पेढीच ठरवते आणि त्यावर सूटही पेढीच देते. समजा, एका लाखाच्या सोन्यावर एका दुकानाने २० टक्के घडणावळ लावली आणि तिच्यावर ‘५० टक्के सूट’ दिली. ग्राहक दहा हजार रुपये घडणावळ भरतो आणि दहा हजार वाचवल्याच्या आनंदात घरी जातो. शेजारच्या गल्लीतला जुना सराफ कोणताही फलक न लावता ९ टक्के घडणावळ घेतो. त्याच्याकडे तोच दागिना हजार रुपयांनी स्वस्त पडला असता. पण त्याच्याकडे ‘ऑफर’ नाही, म्हणून पाडव्याच्या दिवशी गर्दी पहिल्या दुकानात. ‘घडणावळ माफ’ अशी जाहिरात असेल तर आणखी जपून पाहावे लागते. ती रक्कम घट, खड्यांचे वजन किंवा जुन्या सोन्याचा पडता भाव यांतून दुसऱ्या दाराने वसूल होऊ शकते.

शुद्धतेच्या बाबतीत चित्र पुष्कळ सुधारले आहे. जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांचा ओळख क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक ग्राहकाला मोबाइलवर तपासता येतो. २२ कॅरेट म्हणून १८ कॅरेट गळ्यात मारण्याचे दिवस त्यामुळे बरेच मागे पडले. हॉलमार्क शुद्धतेची ग्वाही देतो, सवलतीच्या सच्चेपणाची नव्हे.

कायदा नाही असे मात्र म्हणता येणार नाही. जी वस्तू सवलतीच्या भावात विकण्याचा मुळात इरादाच नाही तिची तशी जाहिरात करणे, भेटवस्तूची किंमत मालाच्या किमतीत मिसळून ती ‘मोफत’ म्हणून देणे, या गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटीही सदोष मालाला लागू पडत नाही. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत असा माल परत घ्यावाच लागतो. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींना मर्यादा घातल्या आणि जाहिरातीतील अटी मूळ दाव्याच्याच भाषेत व ठळकपणे छापाव्यात असे बजावले. ‘महासेल’ ठसठशीत मराठीत आणि ‘अटी लागू’चा तपशील मुंगीएवढ्या इंग्रजीत, ही रोजच्या पुरवण्यांतली रीत त्या सूचनांत बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

तथापि सातशे रुपयांच्या सदऱ्यासाठी जिल्हा आयोगाची पायरी चढणार कोण? पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, हे खरे. पण त्यासाठी मोडणाऱ्या दिवसांचा हिशेब कोणी देत नाही. बहुतेक ग्राहक भांडत नाहीत, ते फक्त पुन्हा येत नाहीत. छोट्या दुकानदाराला याचा पत्ताही लागत नाही, आणि त्याची खरी हानी इथेच होते.

मोठ्या कंपन्यांना अशी चूक पचते. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टच्या ‘बिग बिलियन डे’मध्ये माल क्षणात संपला, मागण्या रद्द झाल्या, किमती आधीच वाढवल्याच्या तक्रारी झाल्या. संस्थापकांनी दुसऱ्याच दिवशी ग्राहकांची माफी मागितली. पुढल्या वर्षी सेल पुन्हा भरला आणि गर्दीही झाली. गल्लीतल्या दुकानाला जाहिरातीचा असा खजिना नाही की भांडवलाचा डोंगर नाही. त्याचे भांडवल म्हणजे ओळख, उधारीची वही आणि ‘अमक्याकडे जा, फसवणार नाही’ हे शेजारणीचे वाक्य. ऑनलाइन बाजाराशी टक्कर देताना त्याने त्या बाजाराचाच फलक उचलला, तर जे त्याच्यापाशी होते तेही जाते. आणि फलक नाही लावला तर आजचे गिऱ्हाईक जाते. सचोटीच्या दुकानदाराचा हा पेच केवळ उपदेशाने सुटणारा नाही. खरी आणि खोटी सवलत ग्राहकाला वेगळी ओळखता येत नसेल, तर खरी देणाऱ्याला तिचे मोलच मिळत नाही.

२०२५ च्या दसऱ्याआधी याचा नवा नमुना दिसू शकत होता. २२ सप्टेंबरपासून हजार ते अडीच हजार रुपयांच्या कपड्यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. करपूर्व दोन हजारांचा कपडा २,२४० ऐवजी २,१०० रुपयांना मिळायला हवा. हे १४० रुपये ग्राहकाच्या हक्काचे, ती दुकानाची ‘दसरा भेट’ नव्हे. पण दोन्ही एकाच फलकावर लिहिले गेले तर वेगळे कोण करणार? नफेखोरीविरुद्धच्या नव्या तक्रारी घेण्याची जीएसटीतील तरतूद त्याआधीच, १ एप्रिल २०२५ पासून थांबली होती.

ग्राहकांच्या संघटनेची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, त्याला पन्नास वर्षे उलटली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामूहिक खरेदी करून घरोघरी वाजवी भावात माल पोहोचवला. त्या चळवळीचा भर सवलतीवर नव्हता, रास्त किमतीवर होता. दुकानदारांच्या संघटनांनाही त्या दिशेने थोडे चालता येईल. सराफ संघटनेने आपल्या सभासदांचे घडणावळीचे दर दुकानात दर्शनी भागी लावण्याचा ठराव केला, तर त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. सोन्याच्या भावाची पाटी रोज लागतेच. तिच्याखाली एक ओळ वाढेल.