मांडव गाडीचा

आमच्या ब्राह्मणपुरीत कुणाच्या अंगणात मांडव पडला, की लोक कारण विचारत नाहीत, तारीख विचारतात. त्यामुळे गेल्या चैत्रात माझ्या अंगणात लोखंडी पाइपांचा, वर ताडपत्री आणि बाजूंना हिरवी शेडनेट असा वीस बाय बाराचा मांडव उभा राहिला, तेव्हा समोरच्या काकू पहिल्याच संध्याकाळी हजर झाल्या.

"हाई कोनं लगीन शे भाऊ?"

म्हटलं, "लग्न नाही काकू, गाडी आहे."

"गाडी देऊ राहिले? मंग घर मोठंच दिसतं. पोरगी कुठली?"

काकूंना आत नेऊन दाखवलं. आत आमच्या आप्पांची प्रीमियर पद्मिनी उभी होती. १९८४ चं मॉडेल, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. नऊ वर्षं ती अंगणातल्या निंबाखाली उभी होती. वरून डिंक, पानं आणि कावळे, खालून गंज. काकूंनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि, "हिला काय करतोस आता?" एवढंच म्हणून त्या गेल्या.

हाच प्रश्न बँकेत जरा सुशिक्षित भाषेत विचारतात. "मोडीत काढून टाका हो! त्या खर्चात नव्या गाडीचे चार हप्ते जातील." हे सांगणारे आमचे सहकारी स्वतः दर पाच वर्षांनी गाडी बदलतात आणि दर महिन्याला त्यासाठी रडतात. आजवर मी हसून गप्प बसत होतो. आता मात्र लेखी उत्तर देतो. बँकेत तोंडी बोलण्याला किंमत नसते.

मुद्दा पहिला, हिशेबाचा. मी बी.कॉम. आहे. घसारा घटत्या शिलकीवर दर साल १५ टक्के धरला, तर एक लाखाची वस्तू चाळीस वर्षांनी साधारण दीडशे रुपयांची राहते. पण राहते! ह्या पद्धतीत किंमत कधीच शून्य होत नाही. वस्तूची शिल्लक शून्य होते, ती मालकाच्या मनात. लेखाशास्त्राचा तिच्याशी संबंध नाही.

मुद्दा दुसरा, कायद्याचा. पंधरा वर्षं झाली, की मोटारीची नोंदणी संपते आणि दर पाच वर्षांनी तपासणी करून ती पुन्हा घ्यावी लागते. २०२२ च्या एप्रिलपासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० झाली. म्हातारपण महाग असतं, हे मला ठाऊक आहे; पण २०२१ च्या जुलैत दुसरा एक नियम आला. गाडी पन्नास वर्षांची झाली, मूळ रूपात असली, की ती 'व्हिंटेज'! तिला वेगळा नंबर, तिला मान. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या. रोजच्या वापराला मात्र नाही.

म्हणजे पंधराव्या वर्षी म्हातारी आणि पन्नासाव्या वर्षी महाराणी. मधली पस्तीस वर्षं तिनं कुठं काढायची, ते कुणीच सांगत नाही. आमची पद्मिनी नेमकी ह्या मधल्या काळात आहे. मोडीला जुनी, वारशाला नवी. माझंही वय तेच आहे. नवं सॉफ्टवेअर आलं, की साहेब माझ्याकडं ज्या नजरेनं बघतात, ती मी ओळखतो.

म्हणून हा मांडव. पन्नाशीपर्यंत पोचायचं, तर डोक्यावर छप्पर लागतं. पक्कं गॅरेज बांधायला जागा भाऊबंदकीत आणि पैसे प्रॉव्हिडंट फंडात. भाच्याच्या पपईच्या रोपवाटिकेतले जुने पाइप मिळाले. गाडी तेरा फुटांची. चारही बाजूंनी माणूस वाकून फिरेल एवढी जागा ठेवून वीस बाय बारा.

पहिली चूक उत्साहाची. चारही बाजू प्लॅस्टिकनं गच्च बंद केल्या. सकाळी पाहतो तर गाडीला दरदरून घाम! जमिनीतली ओल वर येते आणि थंड पत्र्यावर थेंब होऊन बसते; निंबाखाली जेवढं गंजलं नसतं, तेवढं मी चार दिवसांत गंजवत होतो. शिवाय आत पेट्रोलचा वास कोंडलेला. प्लॅस्टिक काढलं, शेडनेट लावली, आढ्याखाली वीतभर फट ठेवली.

दुसरी चूक वाऱ्याची. मृगाच्या आधीच्या वादळात ताडपत्रीचं शीड झालं आणि अख्खा मांडव उठून शेजारच्या गोठ्यावर जाऊन बसला. 'पोर्टेबल' ह्या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री कळला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पाय तेलाच्या रिकाम्या डब्यात उभा करून डबा सिमेंट-खडीनं भरला आणि चार कोपऱ्यांना दोर ताणले. शेजारची म्हैस अजून माझ्याकडं संशयानं बघते.

मग शहाद्याहून मिस्तरीचाचा आले. वय बहात्तर. त्यांनी बॉनेट उघडलं, ब्लेडचं पातं घालून सी. बी. पॉइंटची फट पाहिली आणि कार्बोरेटर खोलून एकेक जेट तोंडानं फुंकला. त्यांचा नातूही गाड्याच दुरुस्त करतो; पण तो गाडीला यंत्र जोडतो आणि पडद्यावर रोग वाचतो. आमच्या गाडीला ते यंत्र जोडायला भोकच नाही. चाचा म्हणाले, "साहब, ही विद्या आता माझ्यापाशीच संपणार. शिकवू कशावर? गाड्या तर तुम्ही लोकांनी विकून टाकल्या."

मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी ह्याचं उत्तर द्यावं. गाडी मोडीत जाते, तेव्हा किलोवर फक्त लोखंड मोजतात. चाचांची बोटं कुठल्या काट्यावर मोजायची? २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले, डोळे पुसले. मी म्हणतो, रडायचं होतं तर आधी एखादी सांभाळायची होती!

आणि आमच्या गल्लीनं तर 'भंगार' हा शब्द तोंडातून काढूच नये. रात्री-अपरात्री शहाद्याच्या दवाखान्यात जायला इथं एकच गाडी होती. निम्म्या गल्लीचा जन्म तिच्या मागच्या सीटच्या भरवशावर झाला. गोठ्याचे मालक भाऊसाहेब, जे मला रोज भंगारवाल्याचा नंबर देतात, त्यांना साप चावला, त्या रात्री आप्पांनी हीच गाडी पावसात हाकली होती. भाऊसाहेबांवर तेव्हा कुणी घसारा धरला नाही.

दिवाळीच्या आधी गाडी सुरू करायची ठरली. आप्पांना खुर्चीसकट मांडवात आणून बसवलं. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर ते फारसं बोलत नाहीत. माझं नावही पुष्कळदा सापडत नाही. मी चावी फिरवली. गाडी खोकली, थांबली. पुन्हा फिरवली, पुन्हा थांबली. चाचा वाकून काहीतरी बघत होते. तेवढ्यात मागून आवाज आला,

"चोक ओढ ना, गाढवा."

चोक ओढला. गाडी सुरू झाली. गाढव ओळखू आला, ह्याचा आनंद गाडीपेक्षा मोठा होता.

धूर बघून गल्ली जमली. भाऊसाहेबही आले. मडगार्डवर हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मांडवाचा पाइप हलवून बघत म्हणाले, "मजबूत आहे रे. माघात आमच्या नातीचं लग्न आहे. देशील का?"

म्हटलं, "देईन की. पण गाडी आतच राहील."

"राहू दे," भाऊसाहेब म्हणाले, "नवरदेव तिच्यातच आणू."