जुन्या यंत्रांत नवा कारभारी

घरांतील जुनी वस्तु टाकून द्यावी कीं दुरुस्त करून वापरावी, हा वाद आमच्या घरांत पितळी बंबापासून शिवणयंत्रापर्यंत बहुतेक प्रत्येक वस्तूवरून होऊन गेलेला आहे. २०२५ सालच्या दिवाळीच्या सुमारास तो लॅपटॉपवरून झाला. हा लॅपटॉप आम्हीं २०१६ सालीं घेतलेला. दोन-तीन अक्षरें पुसट झालेलीं, बिजागरी थोडी ढिली. बाकी प्रकृति ठणठणीत. परंतु त्या वर्षीं १४ ऑक्टोबरला ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमींचा सांभाळ तिच्या कर्त्या कंपनीनें थांबविला. पुढची ‘विंडोज ११’ घ्यावी, तर तिला टी. पी. एम. २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि अधिक नव्या पिढीचा प्रोसेसर हवा. त्या अटींत आमचें यंत्र बसेना. आणखी वर्षभराची मुदत मिळण्याजोगी होती, पण शेवटीं ती मुदतच. घरांतील अर्धीं माणसें म्हणूं लागलीं, “नवा घ्या.” उरलेल्या अर्ध्यांचा पुढारी आमचा पुतण्या. तो म्हणाला, “काका, यंत्र धडधाकट आहे. फक्त कारभारी बदलायला हवा. आपण लिनक्स बसवूं.”

कारभारी हा शब्द त्यानें चांगला योजला. कळ दाबली कीं अक्षर उमटविणें, कोणता कागद कोठें ठेवला याची नोंद राखणें, छपाईच्या यंत्राला निरोप देणें, हीं सारीं कामें जी प्रणाली पडद्याआड राहून करते ती यंत्राची कारभारीण. लिनक्स ही अशीच एक प्रणाली. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें ती रचावयास घेतली. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यानें ‘मिनिक्स’ ही दुसरी एक प्रणाली वापरणाऱ्या मंडळींना कळविलें कीं, आपण एक नवी प्रणाली करीत आहों; तुम्हांस मिनिक्समध्यें काय आवडतें आणि काय खटकतें तें सांगा. पुढें १९९२ सालीं त्यानें आपलें काम ‘ग्नू’ परवान्याखालीं सर्वांस खुलें केलें. ग्नूचा हा उद्योग रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेला होता. या परवान्यामुळें प्रणालीची घडण कोणीहि पाहावी, बदलावी, तिची नक्कल करून शेजाऱ्यास द्यावी. एकाच पिठाच्या घरोघरीं निराळ्या भाकरी व्हाव्या, तसे तिचे पुढें अनेक प्रकार झाले : १९९३ सालीं ‘डेबियन’, २००४ सालीं ‘उबंटू’, २००६ सालीं ‘लिनक्स मिंट’. सांगावयाचें तें हें कीं, जी वस्तु आम्ही घरांत आणणार होतों, तिचा जन्मच मुळीं चार माणसांना विचारण्यांतून झालेला होता. आम्ही मात्र ती कोणाला न विचारतां बसविणार होतों.

एका शनिवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्या कामाला बसला. त्यानें लिनक्स मिंटची फाइल उतरवून घेतली, ती पेनड्राइव्हवर ठेवली, आणि ‘डॉक्युमेंट्स’ व ‘पिक्चर्स’ या कप्प्यांची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. मग तो पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप पुन्हा पुन्हा चालू करूं लागला. प्रत्येक वेळीं जुनाच कारभारी दारांत येऊन उभा! रात्रीं अकरा वाजतां त्यानें आमच्या पुतणीच्या एका मैत्रिणीला फोन लावला. ती अभियांत्रिकी शिकते, आणि आपल्या वसतिगृहांतील निम्म्या मुलींच्या यंत्रांवर तिनें लिनक्स बसविलेलें आहे.

“अग, पेनड्राइव्ह चालत नाहीं.” पुतण्या म्हणाला.

“चालत नाहीं म्हणजे काय होतें? पडद्यावर काय दिसतें? आणि तो पेनड्राइव्ह उघडलास तर आंत एकच मोठी फाइल दिसते, कीं पुष्कळ लहान लहान?”

“एकच.”

“मग तूं तांदळाची पिशवी न सोडतांच कुकरमध्यें ठेवलीस.”

उतरवून घेतलेली फाइल नुसती पेनड्राइव्हवर ठेवून भागत नाहीं. ती लिहिण्याचें एक वेगळें साधन असतें, आणि त्यानें ती पेनड्राइव्हवर उलगडून मांडावी लागते. तसें करतांना पेनड्राइव्हवरचें पूर्वींचें सर्व कांहीं पुसलें जातें. शिवाय यंत्र सुरू होतांच एक ठराविक कळ दाबून त्याला ‘आज पेनड्राइव्हवरून ऊठ’ असें सांगावें लागतें. ती कळ कोठें एफ १२ असते, कोठें एफ २, तर कोठें एस्केप. दोन तासांचा खोळंबा दोन प्रश्नांनीं सुटला. पुतण्या लगेच पुढें सरसावला, तों ती म्हणाली, “आज थांब. उद्यां सकाळीं मी येतें.”

रविवारीं ती आली. चहा झाला. आमची कल्पना कीं ती आतां लॅपटॉप उघडील. पण तिनें विचारलें, “काका, या यंत्रांत घरांतल्या कोणाकोणाचें काय काय आहे?”

आम्ही उत्तर देऊं लागलों. आमचे लेख, पुतण्याचा अभ्यास, धाकट्या सूनबाईंचे हिशेब, मुंजीचीं छायाचित्रें. ती म्हणाली, “असें नको. प्रत्येकाला बोलावूं या.” आमच्या घरांत नऊ माणसें. एकेक येऊन सांगून गेलें. शेवटीं आमच्या थोरल्या वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. त्या दुपारीं यंत्र घेऊन, कानांना श्रवणी लावून बसत, तें आम्हांस ठाऊक होतें. त्या कीर्तनें ऐकतात अशी आमची समजूत होती.

“माझें काय असणार त्यांत?” त्या म्हणाल्या. “यांचें बोलणें आहे, तेवढेंच.”

आमचे थोरले बंधु २०१९ सालीं गेले. आजारपणांत सात संध्याकाळीं त्यांनीं वहिनींना आमच्या मूळ गांवची, आजोबांच्या काळची, आपल्या नोकरीच्या पहिल्या दिवसांची हकीकत सांगितली होती, आणि वहिनींनीं ती यंत्रांत ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. हें आमच्यापैकीं एकाहि माणसाला माहीत नव्हतें. तें मुद्रण होतें वहिनींच्या स्वतंत्र खात्यांत. पुतण्यानें नक्कल घेतली ती स्वतःच्या खात्यांतील कप्प्यांची. दुसऱ्या खात्यालाहि तसेच कप्पे असतात, हें घाईंत त्याच्या ध्यानांतच आलें नाहीं. पेनड्राइव्ह शनिवारीं चालला असता, तर ‘डिस्क पुसून लिनक्स बसवा’ या पर्यायावर त्यानें बोट ठेवलें असतें, आणि वहिनींनीं सोमवारीं दुपारीं यंत्र उघडलें असतें.

कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या मुलीनें मात्र विचारलें, “आजी, तुमचा पासवर्ड तुम्हीच घालतां ना?” वहिनींनीं चष्मा लावला आणि सावकाश एकेक अक्षर दाबलें.

पुढचें काम क्रमानें झालें. सर्व खात्यांतील फाइलींच्या दोन निरनिराळ्या डिस्कांवर दोन नकला घेतल्या, आणि दुसऱ्या संगणकावर त्या उघडून पाहिल्या. कारण न उघडून पाहिलेली नक्कल ही नक्कल नव्हे. डिस्क कुलूपबंद म्हणजे ‘बिटलॉकर’खालीं नाहीं ना, तें तपासलें, ती तशी असती तर तिची ४८ अंकी किल्ली आधीं लिहून ठेवावी लागली असती. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतेंच चालवून पाहिलें. लिनक्समध्यें ही मोठी सोय आहे : बसविण्यापूर्वीं तें चाखून पाहतां येतें, आणि तेवढ्यानें डिस्कला धक्का लागत नाहीं. आवाज आला, पडदा ठीक दिसला. परंतु वायफाय दिसेना. पुतण्या म्हणाला, “वायफाय चालत नाहीं,” आणि स्वतःच हंसला. मग यंत्रांतील उपकरणांचीं नांवें सांगणारी आज्ञा देऊन त्यानें वायफायच्या चिपचें नांव व क्रमांक वाचून दाखविला. त्या चिपचा चालक पेनड्राइव्हवरून आपोआप लागत नाहीं, असें मुलीनें सांगितलें. लिनक्स बसल्यावर मोबाइल तारेनें जोडून त्याचें इंटरनेट घेतलें, ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून तो चालक बसविला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलें, आणि वायफाय आलें. या सर्व वेळांत मुलीनें कळफलकाला हात म्हणून लावला नाहीं. ती शेजारीं बसून विचारीत होती आणि हा करीत होता.

या प्रसंगावरून आम्हांस मदत मागण्याविषयीं चार गोष्टी सुचतात. वैद्याकडे जाऊन ‘बरें वाटत नाहीं’ एवढेंच म्हणणारा रोगी आणि ‘चालत नाहीं’ एवढेंच म्हणणारा गृहस्थ हे सारखेच. यंत्राचें नांव व नमुना, आपण काय केलें, काय व्हावयास हवें होतें व काय झालें, आणि पडद्यावरचा मजकूर अक्षरशः काय होता, एवढें सांगितलें तर निम्मी मदत आपली आपणच केलेली असते. मजकूर लक्षांत राहत नसेल तर त्याचें छायाचित्र काढावें. एका वेळीं एकच बदल करावा. कोणी सांगितलेली आज्ञा, ती काय करणार हें विचारल्यावांचून देऊं नये. आणि काम झालें कीं तें झाल्याचें मदत करणाऱ्यास आवर्जून कळवावें. उपाय लागूं पडला हें समजलें, तर तो पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतो. जवळ असें जाणतें माणूस नसेल, तर मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमांत लिनक्सचे बोलके पाठ मराठींतहि आहेत. ते थांबत थांबत, स्वतः करून पाहत ऐकावे.

मदत करणाऱ्यांसहि एक सांगणें आहे. काम हातांतून ओढून घेऊन चटकन् करून देणें यांत उपकार होतो, पण शिकवण होत नाहीं. आणि एकत्र कुटुंबांतील यंत्र हें एका माणसाचें नसतें. त्यांत कोणाचें काय आहे हें, जो त्यावर सर्वांत अधिक बसतो त्यालाच ठाऊक असतें असें नाहीं. कमी बोलणाऱ्या माणसाला तर मुद्दाम विचारावें लागतें.

आतां लॅपटॉप पूर्वींपेक्षां लौकर सुरू होतो. हा लेख त्यावरच, मराठी कळफलक लावून, लिहिला आहे. त्या रविवारीं रात्रीं पुतण्यानें तीं सात मुद्रणें पडद्याच्या कोपऱ्यांत मांडून दिलीं, आणि वहिनींना विचारलें, “मोठ्या काकू, आम्हीहि ऐकूं का?” वहिनींनीं थोडा विचार केला, आणि कानांची श्रवणी काढून बाजूला ठेवली. पहिली संध्याकाळ आम्हीं सर्वांनीं मिळून ऐकली. आमच्या आजोबांनीं गांव कां सोडला, हें आम्हांस साठीनंतर त्या रात्रीं प्रथम कळलें.