हंगाम सोडणारा खेळाडू आणि संप करणारा संघ

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एक घटना घडली. लास वेगास येथील नेवाडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने हंगामातील पहिले तिन्ही सामने जिंकले होते. नेमक्या त्याच वेळी संघाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लूका याने, या हंगामात आपण पुढे खेळणार नाही, असे जाहीर केले. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो खेळ नव्हे. डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच चढवून, एकमेकांना धडका देत चेंडू पुढे नेण्याचा तो अमेरिकी खेळ आहे. क्वार्टरबॅक हा त्यातला मुख्य गडी. एका साहाय्यक प्रशिक्षकाने एक लाख डॉलरचे तोंडी वचन दिले होते व ते पाळले गेले नाही, असे स्लूकाच्या प्रतिनिधीचे म्हणणे होते. विद्यापीठाने ते नाकारले आणि खेळाडूकडूनच दडपण आणले जात असल्याचा प्रत्यारोप केला. त्या वादाचा निवाडा करण्याचे आपल्याला कारण नाही. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की, लक्षावधी डॉलरची उलाढाल असलेल्या या व्यवहारात वाद ज्यावरून तपासता यावा असा लेखी करार नव्हता. दाद मागायला कामगार न्यायालय नव्हते आणि पाठीशी उभी राहील अशी संघटनाही नव्हती. खेळाडूच्या हाती एकच शस्त्र होते, ते म्हणजे निघून जाणे.

असा प्रसंग आला की क्रीडापत्रकार, समालोचक आणि जुने खेळाडू यांचा सूर ठरलेला असतो. हा सहकाऱ्यांशी द्रोह आहे, हा पैशाचा लोभ आहे, पूर्वीची निष्ठा आता राहिली नाही! पण निष्ठेचा हा मापदंड प्रशिक्षकांना लावला जात नाही, लावला तरी त्यांचे काही बिघडत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाची अंतिम स्पर्धेतील संधी संपलेली नव्हती. तरी प्रशिक्षक ब्रायन केली संघ सोडून लुइझियानाला गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लेन किफिन यांनी मिसिसिपीच्या संघाला अंतिम स्पर्धेच्या तोंडावर सोडले आणि त्याच लुइझियाना विद्यापीठाची नोकरी पत्करली. २०२३ साली टेक्सासच्या एका सरकारी विद्यापीठाने जिंबो फिशर यांना काढून टाकले, तेव्हा त्यांनी काम करू नये यासाठी त्यांना सुमारे साडेसात कोटी डॉलर देणे विद्यापीठाला भाग पडले. प्रशिक्षकाचे जाणे हा बाजारभाव आणि खेळाडूचे जाणे हा द्रोह, अशी ही दुटप्पी नीती आहे.

म्हणून मधेच हंगाम सोडणाऱ्या तरुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यास आमचा विरोध आहे. परंतु एवढे म्हणून थांबता येणार नाही. एकट्याने निघून जाणे हा हक्क आहे. तो लढा नव्हे. या दोहोंतील अंतर दाखवणे हाच या लेखाचा हेतू आहे.

‘विद्यार्थी-खेळाडू’ या शब्दाचा जन्म

१९५५ साली रे डेनिसन नावाचा खेळाडू कोलोरॅडोतील एका महाविद्यालयासाठी खेळत असताना डोक्याला मार बसून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाईचा दावा केला. १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही आणि खेळाडू काही त्याचा नोकर नव्हे, असे कारण न्यायालयाने दिले. त्याच काळात राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द रूढ केला आणि तो सर्व महाविद्यालयांच्या नियमांत व भाषेत बसवला. हा शब्द सुचला तो भरपाईच्या दाव्यांच्या धास्तीने, ही कबुली १९५१ पासून १९८७ पर्यंत त्या संघटनेचा कारभार पाहिलेल्या वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५ च्या आपल्या पुस्तकात दिली. मालकाच्या मुनिमाने निवृत्तीनंतर वही उघडी करावी, तसा हा प्रकार होता.

शब्दाने कामगार नाहीसा करण्याची ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही. १९७५ पासून आपल्या देशात अंगणवाडीचा गाडा ओढणाऱ्या स्त्रियांना ‘सेविका’ म्हणतात आणि त्यांच्या पगाराला ‘मानधन’ म्हणतात. त्यांना उपदानाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला २०२२ साल उजाडावे लागले. दुचाकीवरून घरोघरी अन्न पोचवणाऱ्या तरुणाला आज कंपनी ‘भागीदार’ म्हणते. नफ्यात मात्र त्याची भागीदारी नसते. नाव गोड असले की समजावे, हक्क कडू झाला आहे.

कामाचे तास आणि धंद्याचा हिशेब

हा खेळ म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा आहे काय? शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील फुटबॉलपटूंनी २०१४ साली संघटना करण्याच्या हक्कासाठी अर्ज केला, तेव्हा राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या विभागीय संचालकांनी पुरावा तपासला. हंगामात हे खेळाडू आठवड्याला चाळीस ते पन्नास तास खेळाला देतात आणि हंगामापूर्वीच्या शिबिरात पन्नास ते साठ तास देतात, असे आढळले. त्यांचे खाणे, राहणे, प्रवास आणि समाजमाध्यमांवरील बोलणे हे सारे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली होते. २००३ ते २०१२ या काळात त्या एका संघाने विद्यापीठाला सुमारे साडेतेवीस कोटी डॉलर मिळवून दिले होते. हे सर्व पाहून संचालकांनी निर्णय दिला की हे खेळाडू कर्मचारी आहेत.

यावर उत्तर मिळते ते असे की, त्यांना शिक्षण फुकट मिळते. शिष्यवृत्तीचे मोल आम्ही नाकारत नाही. गरीब आणि विशेषतः कृष्णवर्णीय घरांतील मुलांसाठी महाविद्यालयाचे ते एक मोठे दार आहे. पण ते दार कोणाच्या मर्जीने उघडे राहते? १९७३ पासून जवळजवळ चाळीस वर्षे नियमच असा होता की शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षाची द्यायची. यंदा गुडघा मोडला तर पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती राहील की नाही, हे प्रशिक्षकाच्या हाती होते. टांगती तलवार डोक्यावर ठेवून दिलेल्या दानाला दान म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक विचारात घेण्यासारखा आहे. बहुसंख्य महाविद्यालयांना खेळातून नफा होत नाही आणि फुटबॉल व बास्केटबॉलच्या उत्पन्नावर पोहणे, धावणे, कुस्ती यांसारखे कित्येक खेळ आणि स्त्रियांचे संघ चालतात. हे खरे आहे. परंतु त्यातून निष्कर्ष काय निघतो? उत्पन्नाची वाटणी न्याय्य कशी व्हावी यावर सर्वांनी एका टेबलाशी बसून बोलावे, हाच निघतो. ज्यांच्या श्रमातून ते उत्पन्न येते, त्यांनाच टेबलापासून दूर ठेवावे, असा निघत नाही.

एकट्याची वाट

खेळाडूला एकूण चार हंगाम खेळण्याची मुभा असते. २०१८ साली नियम बदलला आणि चारपर्यंत सामने खेळूनही तो हंगाम हिशेबात न धरण्याची सोय झाली. ही सवलत नवख्यांना थोडा अनुभव मिळावा आणि जखमींचे वर्ष वाया जाऊ नये यासाठी होती. परंतु त्याच वर्षी क्लेमसनचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट याने चार सामन्यांनंतर आपली जागा ट्रेव्हर लॉरेन्स या नवख्याला दिली जाताच संघ सोडला आणि उरलेला हंगाम दुसऱ्या विद्यापीठासाठी राखून ठेवला. स्लूकाने तीन सामन्यांनंतर हेच केले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ओहायोच्या निक बोसाने दुखापतीनंतर विद्यापीठात परतायचे नाही असे ठरवले. पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांनी त्याला दुसऱ्याच क्रमांकावर उचलले. त्याचे गणित चुकीचे नव्हते. १ जानेवारी २०१६ च्या एका सामन्यात नोत्र दामच्या जेलन स्मिथचा गुडघा निकामी झाला, आणि पहिल्या काही जागांत निवडला जाईल असे मानला गेलेला हा खेळाडू चौतिसाव्या क्रमांकापर्यंत घसरला. एका सामन्यात आयुष्याची कमाई गमावण्याची ही भीती काल्पनिक नाही.

म्हणजे शरीर हेच ज्याचे भांडवल, तो ते जपतो. यात अनैतिक काही नाही. पण या वाटेच्या मर्यादा पाहा. एक म्हणजे ती फक्त ताऱ्यांना परवडते. ज्याला कोणताही व्यावसायिक संघ विचारणार नाही आणि ज्याची पदवी शिष्यवृत्तीवर अवलंबून आहे, तो पंचेचाळिसावा राखीव गडी कुठे जाईल? दुसरे म्हणजे तिने यंत्र थांबत नाही. स्लूका गेल्यानंतर नेवाडाच्या संघाने दुसरा क्वार्टरबॅक उभा केला, पुढचा सामना ५९–१४ असा जिंकला आणि तो हंगाम अकरा विजयांनी संपवला. एक माणूस निघून गेला. पद्धत जशीच्या तशी राहिली. मालकाला एकट्याच्या राजीनाम्याचे भय कधीच वाटत नाही. दारापाशी दुसरा उभाच असतो.

संघाची ताकद

आता दुसरे उदाहरण घ्या. २०१५ च्या शरदात मिसुरी विद्यापीठात वर्णद्वेषाच्या घटनांवरून विद्यार्थी पेटले होते. एका विद्यार्थ्याने उपोषण आरंभले होते. विद्यापीठाचे अध्यक्ष टिम वुल्फ ढिम्म होते. ७ नोव्हेंबरच्या रात्री फुटबॉल संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंनी जाहीर केले की अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळाशी संबंधित कोणतेही काम करणार नाही. दुसऱ्या दिवशी गोरे सहकारी आणि प्रशिक्षक गॅरी पिंकेल हेही त्यांच्यामागे उभे राहिले. पुढचा सामना रद्द झाला असता तर करारानुसार दहा लाख डॉलरचा भुर्दंड पडणार होता. ९ तारखेच्या सकाळी अध्यक्षांनी राजीनामा दिला. आठवडेच्या आठवडे निवेदनांनी आणि मोर्च्यांनी जे झाले नव्हते, ते दोन दिवसांच्या आत झाले.

येथेही खेळाडूंनी मैदान सोडलेच होते. पण त्यांनी ते एकत्र सोडले, मागणी सांगून सोडले आणि मागणी पुरी होताच ते परतले. सत्ताधाऱ्यांना हा फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो. महिनाभरातच मिसुरीच्या विधिमंडळात एका सदस्याने संप करणाऱ्या खेळाडूची शिष्यवृत्ती काढून घेण्याचे विधेयक मांडले. गदारोळ झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. एकटा खेळाडू निघून गेला म्हणून कोणी विधेयक आणल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

२०२० साली महामारीत हीच गोष्ट पुन्हा दिसली. ऑगस्टमध्ये पश्चिम किनाऱ्यावरील अनेक विद्यापीठांच्या फुटबॉलपटूंनी एकत्र निवेदन काढले. आरोग्याची हमी, वंशभेदाविरुद्ध उपाय आणि उत्पन्नात अर्धा वाटा या त्यांच्या मागण्या होत्या, आणि त्या मान्य न झाल्यास सरावाला व सामन्याला न येण्याचा इशारा होता. काही दिवसांतच क्रीडा संघटनेच्या वरिष्ठ मंडळाने फर्मावले की साथीच्या भयाने जो खेळणार नाही त्याची शिष्यवृत्ती कायम ठेवली पाहिजे. आठवड्याभरात ‘आम्हाला खेळायचे आहे’ म्हणणाऱ्या दुसऱ्या गटानेही, ज्यात तोच ट्रेव्हर लॉरेन्स होता, खेळाडूंची संघटना हवी अशी मागणी केली. खेळू इच्छिणारे आणि न खेळू इच्छिणारे एकाच मागणीपाशी येऊन भेटले. ही त्या वर्षाची खरी शिकवण होती.

पैसा मिळाला, हक्क नाही

त्यानंतर बरेच काही बदलले. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने क्रीडा संघटनेविरुद्ध निकाल दिला. जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर जाहिरातीतून पैसे घेता येऊ लागले. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मान्य केलेल्या तडजोडीनुसार माजी व आजी खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळायचे आहेत, आणि विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला २.०५ कोटी डॉलर ठरली.

हा विजय आहे, आणि तो खेळाडूंनीच न्यायालयात लढून मिळवला आहे. पण त्यातील उणीवही उघड आहे. मजुरीला कमाल मर्यादा घातली गेली, ती मजुरांच्या संघटनेशी सामुदायिक वाटाघाटी न करता. खेळाडू कामगार आहे, हे या तडजोडीत कोठेही मान्य केलेले नाही. नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी एप्रिल २०१४ मध्ये दिलेली मते कधी मोजलीच गेली नाहीत. पुढच्या वर्षी मंडळाने या प्रकरणात हात घालण्यास नकार दिला. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियनचा कौल दिला. महाविद्यालयाने वाटाघाटी नाकारल्या, आणि वॉशिंग्टनमधील सत्ताबदलानंतर मंडळ प्रतिकूल होणार हे दिसताच ३१ डिसेंबरला अर्ज मागे घ्यावा लागला.

पैसा आला आणि संघटना आली नाही, की काय होते ते स्लूकाच्या प्रकरणात दिसते. प्रत्येक जण एकटा आपला सौदा करतो, तोंडी वचनावर विसंबतो आणि फसवले गेल्याची भावना झाली की एकटाच दार उघडून निघून जातो. मागे राहिलेले सहकारी त्याला दोष देतात, पुढे येणारा त्याची जागा घेतो, आणि धनी दोघांकडेही पाहून हसतो.

म्हणून हंगाम सोडून जाणाऱ्या तरुणाला निष्ठेचे प्रवचन देऊ नये. त्याला एवढेच सांगावे: गड्या, तू जाण्यापूर्वी खोलीतल्या उरलेल्यांशी बोललास का? तुझ्याजवळ जे एक शस्त्र आहे, ते त्या सर्वांजवळही आहे. एकट्याने चालवले तर ते सुटकेचे दार होते. सर्वांनी मिळून उचलले तर त्यापुढे विद्यापीठाचा अध्यक्षही दोन दिवस टिकत नाही, हे मिसुरीने दाखवून दिले आहे.