घरसंसार : गॅसचा गिझर आणि हवेची वाट

आपल्या सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत आंघोळीचे पाणी तापवायचा तांब्याचा बंब परसात किंवा पडवीत असे. चुलीवर पाणी तापवले तरी धूर धुराड्यातून, नाहीतर कौलांच्या फटींतून वाट काढी. हवा खेळती ठेवा, असे त्या काळी कुणाला शिकवावे लागले नाही. डोळ्यांत धूर गेला, ठसका लागला, की माणूस आपोआप दार उघडत असे.

आता थंडी पडू लागली की गॅसच्या गिझरची चौकशी सुरू होते. वस्तू सोयीची आहे. पहाटे उठून जळण फोडणाऱ्या, हंडे उचलणाऱ्या बाईचे कष्ट वाचतात, कामावर जाणाऱ्याला पाच मिनिटांत पाणी मिळते. म्हणून गिझर घेऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु परसातला बंब न्हाणीत आला तेव्हा आग तेवढी आत आली, परसातली हवा बाहेरच राहिली. ही गोष्ट विसरल्यामुळेच जीव जातात.

आगीला हवा किती लागते?

दिवा जसा झाकल्यावर विझतो, तशी गॅसची आगही हवेवर जगते. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे ४५० घनफूट हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा लहान गिझर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. आता आपली न्हाणी पाहा. चार फूट रुंद, पाच फूट लांब, आठ फूट उंच. तिच्यात हवा मावते १६० घनफूट. म्हणजे दार-खिडकी बंद करून दहा मिनिटे गिझर चालवला, तर जवळपास निम्म्या खोलीतल्या हवेइतकी हवा त्या आगीला लागते. आत उभ्या असलेल्या माणसालाही त्याच हवेत श्वास घ्यायचा असतो.

हवा कमी पडू लागली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने ठसकाही लागत नाही. सिलिंडरमधला गॅस गळला तर कळावे म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. या विषारी वायूला मात्र तसा काही वास नसतो. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे काळजी नाही’ हा समज अगदी चुकीचा आहे.

आपल्या रक्तातले तांबडे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्या द्रव्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. नंतर पायांतले बळ जाते. कडी हातभर अंतरावर असते, पण ती काढायला हात उचलत नाही.

घडलेल्या घटना

जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या बोरिवलीत एक शाळकरी मुलगी आंघोळीला गेली, ती बेशुद्धच सापडली. बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता आणि खिडकी बंद होती. काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात केरळचे आठ पर्यटक नेपाळमधील दमण या थंड गावी एका खोलीत झोपले. ऊब मिळावी म्हणून गॅसचा हीटर लावला होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या. सकाळी आठही जण बेशुद्ध आढळले व दगावले. त्यांत चार लहान मुले होती.

खोली तापवायला गॅसचा हीटर आपल्याकडे फारसा कुणी घेत नाही. परंतु महाबळेश्वर-पाचगणीला हॉटेलात काम करणारी आपली मुले थंडीत लहानशा खोलीत चार-पाच जण झोपतात आणि कोळशाची शेगडी आत घेतात. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही हाच वायू निघतो. बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीचेही तेच. निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी आणि ऊब हवी असेल तर अंगावर आणखी एक वाकळ घ्यावी.

गिझर कुठे बसवावा?

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : गॅसचा गिझर बाथरूमच्या आत बसवू नये. तो बाहेरच्या भिंतीला, उघड्या पडवीत किंवा गॅलरीत बसवावा आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घ्यावा. वर पावसापासून आडोसा करावा, मात्र गिझरची वरची तोंडे झाकू नयेत. त्याची वाफ न्हाणीच्या किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीतून आत जाणार नाही, अशी जागा निवडावी. बसवणारा मिस्त्री म्हणेल, “आतच लावू, पाइप कमी लागेल.” तेव्हा दोन-चार हात पाइपचा खर्च आपण सोसावा, पण बाहेरच लावून घ्यावा. सिलिंडरही बाहेर, उभा ठेवावा. चोरीची भीती असेल तर चारी बाजूंनी हवा जाईल असा लोखंडी जाळीचा पिंजरा करून कुलूप लावावे.

गॅसची नळी आयएसआय शिक्क्याची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली, किंवा गिझरवर काजळी धरली, तर गॅस नीट जळत नाही असे समजून दुरुस्ती होईपर्यंत गिझर बंद ठेवावा. थंडी सुरू होण्यापूर्वी दरवर्षी तो साफ करून घ्यावा.

आधीच आत बसवलेला असेल तर

भाड्याच्या खोलीत अनेकदा गिझर आतच असतो. मालकाला भेटून तो बाहेर घ्यायला सांगावे. चाळीतल्या चार बिऱ्हाडांनी मिळून सांगितले तर मालक ऐकतो. तोपर्यंत पुढील गोष्टी घरात सर्वांनी पाळाव्यात.

१. बादली भरावी, गिझर बंद करावा, मगच दार लावून आंघोळ करावी. बादली भरताना दार उघडे ठेवावे. एवढ्या एका सवयीने धोका पुष्कळ कमी होतो.

२. लग्नघरी, किंवा रविवारी सगळे घरी असताना, एकामागून एक आंघोळी चालतात. पहिल्यापेक्षा पाचव्याला धोका जास्त, कारण आतली हवा संपत आलेली असते. दोन आंघोळींच्या मध्ये गिझर बंद ठेवून दार-खिडकी काही वेळ सताड उघडी ठेवावी.

३. न्हाणीला हवेच्या दोन वाटा हव्यात. गरम वायू वर चढतो, म्हणून एक जाळी वर. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि ताजी हवाही खालून आत यावी लागते, म्हणून दुसरी जाळी खाली. दोन्ही निदान वीतभर लांब-रुंद असाव्यात.

४. गार वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावू नये, दाराखाली पोते कोंबू नये.

५. नुसता पंखा बसवून भागत नाही. पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाट नसेल तर तो कशाची हवा फेकणार?

६. मुले आणि म्हातारी माणसे आत असताना कडी लावू देऊ नये. बाहेरून अधूनमधून हाक मारावी.

कुणी बेशुद्ध पडले तर

दार उघडावे, फोडावे लागले तरी फोडावे. आत थांबू नये. माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून एका कुशीवर निजवावे आणि गॅस बंद करावा. १०८ ला फोन करावा. श्वास चालत नसेल तर छातीवर जोरजोराने दाब देत राहावे. तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगवत बसू नये. नजर लागली, बाहेरचे झाले, असे म्हणून कुणाकडे नेण्यात वेळ तर मुळीच घालवू नये. या विषबाधेत फिटही येऊ शकते, तिचे कारण हवेत असते.

साताऱ्याचे किंवा सांगलीचे सिव्हिल असो, मिरजेचे शासकीय रुग्णालय असो, डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगावे : “बाथरूममध्ये गॅसचा गिझर चालू होता.” एवढे कळले की ते लगेच प्राणवायू लावतात. साध्या हवेत हे विष निम्मे उतरायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू लावल्यास तेच काम सुमारे दीड तासात होते. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या बोटाला लावायच्या यंत्रावर मात्र विसंबू नये. त्याला हा वायू आणि प्राणवायू यांतला फरक कळत नाही. माणूस अत्यवस्थ असतानाही ते ९८ दाखवू शकते. शुद्ध आली म्हणून परस्पर घरी परतू नये. त्याच वेळी घरातल्या आणखी कुणाचे डोके दुखत असेल तर त्यालाही तपासून घ्यावे.

गॅसचा उग्र वास आला तर ती गळती आहे. विजेचे बटण दाबू नये, काडी ओढू नये. रेग्युलेटर बंद करून दारे उघडावीत आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

शेवटी एक विनंती. रमाई आवासमधून आपल्या अनेक कुटुंबांची घरकुले आज उभी राहत आहेत. घर २६९ चौरस फुटांचे असले तरी न्हाणीच्या भिंती अजून उठायच्या असतात, तेव्हा बोलायची संधी आपल्याला असते. गवंडी सरळ वीट चढवून भिंत बंद करील. त्याच दिवशी घरच्या बाईने तिथे उभे राहून सांगावे : “एक जाळी खाली, एक वर. आणि गिझरचा पाइप बाहेरून.” भिंत बांधून झाल्यावर हेच काम छिन्नी-हातोड्याने करावे लागते, आणि मग ते बहुधा राहूनच जाते.