सवाब आहेच, पगारही हवा

रमजानमध्ये थकलेल्या, आजारी माणसावर रोज्याची सक्ती नाही. ज्याला पुढेही रोजे झेपणार नाहीत, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे. यालाच फिदया म्हणतात. पण अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना सांभाळणाऱ्या सुनेला सूट कुठली? सहरीचा स्वयंपाक उरकला की त्यांचे अंग पुसणे, कपडे बदलणे, भरवणे. येडशीत काय किंवा आसपासच्या गावांत काय, मोहल्ला असो की वाडी, हे काम घरच्या बाईवरच येते. मुले पुण्या-मुंबईला असली, तर ती एकटीच असते.

सरकार ज्येष्ठांसाठी काहीच करत नाही, असे नाही. श्रावणबाळ योजनेत गरजूंना महिना १,५०० रुपये मिळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्रासाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी आणल्यावर पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची? हे शिकवल्याशिवाय येत नाही.

म्हणूनच २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीड लाख काळजीवाहकांना प्रशिक्षण देण्याची घोषणा झाली, ती चांगलीच आहे. पण प्रमाणपत्र घेऊन या मुलींनी जायचे कुठे? २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात रुग्णसेवेची कामेही आहेत. जर्मनीत १९९५ पासून दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा आहे. त्यामुळे तिथे या कामाला पैसा आहे. मुलींनी जरूर जावे. पण गावातल्या म्हाताऱ्यांचे काय?

केरळने २००८ मध्ये धोरण आखून घरोघरी जाणाऱ्या परिचारिका पंचायतींशी जोडल्या. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे प्रशिक्षण द्यावे आणि येडशीसारख्या मोठ्या गावात निदान दोघींना कायम नेमावे. मात्र मानधनावर नको. आशाताईंना 'स्वयंसेविका' म्हणून नेमले आणि वाढीव मोबदल्यासाठी मोर्चे काढायची वेळ त्यांच्यावर आली, हे आपण पाहिलेच आहे.

शेजाऱ्याच्या अडचणीला जकात, फितरा, देणगी कामी येईल. पण दर महिन्याचा पगार सरकारनेच द्यायला हवा. म्हाताऱ्यांची सेवा हा सवाब आहे, पुण्य आहे. त्या नावाखाली कुणा बाईला फुकट राबवणे मात्र पुण्य नव्हे.