शीतकपाटाची कुरकुर

रात्रीं निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरांत कोणी कण्हत असल्याचा भास होतो, यावर उपाय काय, अशी पृच्छा आमच्याकडे वारंवार होते. घरोघर ज्याला नुसतें ‘फ्रिज’ म्हणतात, त्या शीतकपाटाचें हें कण्हणें. त्याची भाषा थोडी समजून घेतली, तर पुष्कळसा घोर आणि क्वचित् बराचसा खर्चही वांचतो, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, शीतकपाट बोलतें तें बहुधा प्रकृति ठीक असल्यामुळेंच. पाठीमागें खालच्या बाजूस असलेला कॉम्प्रेसर चालूं असतां घुमल्यासारखा आवाज यावयाचाच. तो थांबला म्हणजे नळ्यांतील गॅस खळखळतो. आंतील प्लॅस्टिक थंडीनें आखडतें, उबेनें फुगतें, आणि मध्येंच कडकन् वाजतें. ज्या कपाटांत बर्फ आपोआप वितळविण्याची सोय असते, तेथें पाण्याचे थेंब तापल्या तारेवर पडून चुरचुरतात. नव्या ‘इन्व्हर्टर’ पद्धतीचा कॉम्प्रेसर तर मंद गतीनें जवळजवळ अखंड चालतो. तो थांबत नाहीं म्हणून घाबरूं नये.

खडखड ही मात्र सहसा मांडणीची चूक असते. पायांचे स्क्रू फिरवून कपाट डुगडुगणार नाहीं असें करावें. पुढची बाजू तिळभर उंच राहिली तर दार आपण होऊन मिटतें. मागची नळी भिंतीस टेकलेली नसावी. आमच्याच घरीं महिनाभर चाललेली खणखण अखेरीस कपाटावर ठेवलेल्या पितळी डब्याच्या झांकणाची निघाली, हें कबूल करण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आंतून पंखा घासल्यासारखी खरखर येत असेल आणि दार उघडतांच ती थांबत असेल, तर पंख्याशीं बर्फ सांचलें आहे असें समजावें. याचें मूळ पुष्कळदां दाराच्या रबरांत असतें. तें सैल झालें कीं बाहेरची दमट हवा आंत शिरते. दारांत एखादी नोट धरून दार मिटावें. ती सहज ओढून निघाली तर रबर नीट बसत नाहीं. तें बदलण्यापूर्वीं कोमट साबणाच्या पाण्यानें पुसून पाहावें, कारण तेलकट मळानेंही हाच दोष उत्पन्न होतो. बर्फ काढण्यासाठीं वीज बंद करून दार उघडें टाकावें व धीर धरावा. सुरी किंवा उलथनें कदापि लावूं नये. नळीस भोंक पडतें, आणि हल्लींच्या बऱ्याच कपाटांतील आयसोब्युटेन हा वायु ज्वालाग्राही आहे. भाजीच्या खणाखालीं पाणी सांचत असेल, तर मागच्या भिंतीशीं असलेलें बारीक छिद्र कोथिंबिरीच्या काडीनें बुजलेलें असण्याचा संभव फार.

आतां ज्या आवाजाकडे दुर्लक्ष करूंच नये, तो सांगतों. दर चार-पांच मिनिटांनीं ‘टक्’ असें वाजतें, क्षणभर गुरगुर होते, पुन्हां ‘टक्’, आणि मग शांतता. येथें कॉम्प्रेसर सुरू होऊं पाहतो, पण होऊं शकत नाहीं. विजेचा दाब कमी असेल किंवा त्यास चालना देणारा ‘रिले’ बिघडला असेल. अशा वेळीं बटण बंद करावें, हें उत्तम.

पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं ऐन वैशाखांत हेंच झालें. घुमणें थांबलें म्हणून मंडळी सुखावलीं. आंतला दिवा लागत होता, तेव्हां कपाट चालूं आहे अशी सर्वांची समजूत. दिवा लागतो याचा अर्थ वीज येते, एवढाच. दुसरे दिवशीं सायीचें विरजण आंबून फसफसलें, तेव्हां आजींच्या इन्शुलिनची आठवण झाली. सूनबाईंनीं धांवत जाऊन ती बाटली शेजारच्या घरीं नेली, आणि लौकर गार व्हावी म्हणून बर्फाच्या खणांत ठेवली! इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्यें ठेवावयाचें असतें, आणि एकदां गोठलेलें तें टाकूनच द्यावें लागतें. उकाड्याची एक रात्र त्यानें कदाचित् सोसलीही असती. कोरड्या डब्यांत घालून ओल्या मातीच्या मडक्यांत ठेविलें असतें तर निश्चिंती होती. नवी बाटली मिळेपर्यंतचे ते कांहीं तास त्या घरीं कसे गेले असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी.

शिवाय जो पहिला कारागीर आला, त्यानें पाहतांक्षणींच ‘गॅस संपला’ असें निदान केलें. गॅस हा कांहीं रॉकेलासारखा जळून संपणारा पदार्थ नव्हे. तो बंदिस्त नळ्यांतून पुनः पुनः फिरतो, व कमी झालाच तर कोठें तरी गळतीच असली पाहिजे. नातवानें ‘गळती कोठें?’ एवढेंच विचारलें, आणि स्वारी पिशवी आवरूं लागली. दुसऱ्यानें रिले बदलला व अर्ध्या घटकेंत कपाट घुमूं लागलें.

वीज जाऊन आली कीं आतां त्या घरीं पांच मिनिटें थांबून मगच बटण दाबतात, म्हणजे नळ्यांतील दाब सारखा होण्यास अवधि मिळतो. इन्शुलिन मधल्या खणांत, मागच्या भिंतीपासून दूर, एका डबींत असतें. शेजारीं पाण्याच्या पेल्यांत तापमापक ठेविलेला आहे, आणि सांजवात झाली कीं आजी चष्मा लावून तो स्वतः वाचतात.