बुडालेले बंदे रुपये

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या उचगावच्या घरी जो चौरंग मांडतात, त्यावर तबकात अकरा बंदे रुपये ठेवण्याचा परिपाठ आहे. तीन राणीछाप, बाकीचे राजाछाप. वर्षातून एकदा ते बाहेर येतात, रिठ्याच्या पाण्याने धुऊन लख्ख होतात, हळदकुंकू लावून घेतात आणि भाऊबीज आटोपली की पुन्हा कपाटात जाऊन बसतात. यंदा तबक आवरताना आमच्या धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, हे अकराच का? बाकीचे कुठे गेले?" बाकीचे होते, हे तिने कशावरून ताडले कोण जाणे, पण प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर आम्हांस ठाऊक होते, मात्र ते दोन वाक्यांत सांगून संपण्यासारखे नव्हते. तेव्हा थोरल्या वहिनींनी फराळाची ताटे पुढे केली व प्रश्न त्या रात्रीपुरता मिटला. तो येथे पुरा करीत आहो.

आमच्या आजींच्या पदरी एके काळी असे शंभरावर रुपये होते. आजच्या मुलांस बंदा रुपया म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते. तो वजनाने बरोबर एक तोळा भरे. म्हणजे ऐंशी रुपये काट्यात टाकले की पक्का शेर झाला. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग निखळ चांदी असे. त्यामुळे रुपया हा केवळ चलनाचा तुकडा नव्हता. तो वजन होता, दागिन्याचा कच्चा माल होता आणि घरातील बाईमाणसाची अडीअडचणीची शिल्लकही होता. आमच्या गावावरून जो रस्ता हुपरीस जातो, त्या रस्त्याने किती रुपये कारागिरांच्या मुशीत गेले आणि पैंजण होऊन परत आले याची गणती नाही.

दुसरे महायुद्ध पेटले आणि १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडले, तेव्हा लोकांनी नोटा देऊन रुपये घरात भरण्याची एकच घाई केली. सरकारही सावध झाले. एक रुपयाची नोट पुन्हा काढण्यात आली, नव्या रुपयातील चांदी निम्म्यावर आली, आणि जुने चोख रुपये मुदती लावून परत घेण्यास आरंभ झाला: प्रथम राणीचे, मग एडवर्डचे, शेवटी जॉर्जचे. आमचे आजोबा सरकारी हुकूम म्हणजे वेदवाक्य मानणाऱ्यांपैकी. त्यांनी घरातील सर्व रुपये पिशवीत भरले, खजिन्यात नेऊन दिले व रुपयास रुपया या हिशेबाने नोटा घेऊन आले. सर्व म्हणजे त्यांच्या समजुतीने सर्व. अकरा रुपये आजींनी तांदळाच्या डब्यात तळाशी घातले होते, हे त्यांस युद्ध संपेपर्यंत कळले नाही. आजी पुढे नेहमी म्हणत, "चांदी दिली आणि चिठ्ठी घेतली." १९४३ पर्यंत बाजारभाव युद्धापूर्वीच्या दुपटीहून वर गेले, तेव्हा त्या चिठ्ठीचे मोल आजोबांसही उमगले असावे. पण ते तसे बोलून दाखविणारे नव्हते.

ते रुपये पुढे कोठे गेले, हे आजींस कधी समजले नाही. त्या काळी देशभर गोळा झालेल्या रुपयांपैकी एका वाट्याचा पत्ता मात्र आता लागला आहे, आणि तो मोठा विलक्षण आहे: दक्षिण अटलांटिक महासागर, सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेस, पाण्याखाली ५,१५० मीटर.

'सिटी ऑफ कैरो' ही एलरमन कंपनीची आगबोट १९४२ च्या ऑक्टोबरच्या आरंभी मुंबईहून विलायतेस निघाली. तिच्या पोटात दोन हजारांहून अधिक पेट्या होत्या व त्या पेट्यांत सुमारे शंभर टन चांदी, बहुतेक रुपयांच्या रूपाने, लंडनच्या सरकारी तिजोरीसाठी भरली होती. एक तोळ्याचा रुपया धरला तर शंभर टनांचे पंच्याऐंशी लाखांच्या घरात रुपये होतात. जहाजावर तीनशेच्या आसपास माणसे होती. उतारूंत बायकामुले होती, आणि खलाशांत हिंदी लोकांचा भरणा मोठा होता. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून ब्राझीलच्या वाटेने जावयाचे होते. संरक्षणास एकही लढाऊ जहाज बरोबर नव्हते.

६ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठच्या सुमारास जर्मन पाणबुडी 'यू-६८' हिने पहिला टॉर्पेडो सोडला. माणसे होड्यांत उतरत असतानाच काही मिनिटांनी दुसरा आला आणि जहाज तळास गेले. मग पाणबुडी वर आली. तिचा कप्तान मेर्टेन याने होड्यांतील लोकांस जमिनीची दिशा सांगितली, तुम्हांस बुडवावे लागले याबद्दल दिलगिरी दर्शविली, शुभरात्री म्हटले आणि तो निघून गेला. युद्धातील सौजन्याचा हा नमुना इंग्रजी पुस्तकांतून फार वाखाणला जातो. आम्हांस त्याचे कौतुक करवत नाही. सर्वांत जवळची जमीन सुमारे पाचशे मैलांवर होती, आणि ती जमीन म्हणजे समुद्रात हरवलेले एक बेट.

पुढचा भाग वाचताना अंगावर काटा येतो. सहा होड्या होत्या. त्यांतील काही होड्यांतील लोकांस दोन आठवड्यांच्या आत दुसऱ्या जहाजांनी उचलले. पण एक होडी भरकटत थेट ब्राझीलच्या बाजूस गेली. ५१ दिवसांनी ती ब्राझीलच्या नौदलाच्या जहाजास सापडली तेव्हा तीत दोनच जीव उरले होते. आणखी एका होडीत आरंभी पन्नासाहून अधिक माणसे होती. 'ऱ्हाकोटिस' या जर्मन जहाजाने ती गाठली तेव्हा तिघे जिवंत होते. त्यांपैकी एक त्या जहाजावर दगावले, आणि १९४३ च्या पहिल्याच दिवशी ब्रिटिशांनी ते जर्मन जहाजही बुडविले! उरलेले दोघे त्यातूनही वाचले, हे एक नवल. एकंदरीत शंभरावर माणसे गेली. टॉर्पेडोने मेली ती थोडी. बहुतेक तहानेने, उन्हाने आणि वाट पाहून मेली.

आता त्या पाच हजार मीटरांविषयी. आम्ही घाटावरचे लोक. आमचा पाण्याशी संबंध विहिरीचा, फार तर पंचगंगेच्या पुराचा. म्हणून विहिरीचाच दाखला घेऊ. घागर आडात पडली की दोरास गळ बांधून तो तळाशी फिरवावयाचा, काठ अडकला की हळूच ओढावयाचे. समुद्रातील खजिना काढण्याची विद्याही मूळची हीच. 'ईजिप्त' नावाची आगबोट २० मे १९२२ रोजी मुंबईच्या वाटेवर असताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली. तिच्यावर सोन्याच्या हजारावर लगडी, दीड लाखाहून अधिक गिन्न्या आणि चांदीच्याही हजारावर लगडी होत्या. खोली सुमारे १३० मीटर. त्या काळच्या पाणबुड्यास तेथे काम करणे अशक्य. तेव्हा 'आर्तिल्यो' जहाजाच्या इटालियन मंडळींनी एका माणसास पोलादी कोठडीत बंद करून खाली सोडले. काचेच्या झरोक्यातून पाहून तो टेलिफोनवर सांगे, "डावीकडे, आणखी खाली, आता धरा," आणि वर डेकवरील माणूस त्याप्रमाणे यंत्राचा पंजा हलवी. मुंबईच्या आडातील घागर अशी १९३२ साली वर येऊ लागली. मधल्या काळात, १९३० च्या डिसेंबरात, दारूगोळ्याने भरलेले दुसरे एक बुडीत जहाज फोडताना स्फोट होऊन 'आर्तिल्यो'वरील अनेक जण प्राणास मुकले होते. तरी दुसरे जहाज घेऊन मंडळी परत कामास लागली.

'ईजिप्त'च्या सुमारे चाळीसपट खोल 'सिटी ऑफ कैरो' पडली होती. कळसूबाईची तीन शिखरे एकावर एक रचली तरी वरचे टोक पाण्याच्या पृष्ठभागास लागत नाही, इतकी ही खोली. तेथे सूर्याचा एकही किरण पोचत नाही. थंडी बर्फाच्या जवळपासची. आणि पाण्याचा दाब असा की अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर पाच क्विंटलांचे ओझे. कोठडीत माणूस बसविण्याचे धाडस येथे कोणी केले नाही. 'डीप ओशन सर्च' या कंपनीने ब्रिटिश सरकारशी करार करून ध्वनिलहरींच्या साहाय्याने हजारो चौरस किलोमीटरांचा तळ चाळला. २०११ साली जहाज सापडले, तेही दुभंगलेले व गाळात खोल रुतलेले. मग दिवे, कॅमेरे व यांत्रिक हात लावलेले यंत्र लांबच लांब तारेने खाली सोडण्यात आले. वर जहाजावर बसलेला माणूस पडद्यावर पाहून ते हात चालवी. यंत्राची एक खेप खाली पोचावयासच काही तास लागत. २०१३ पर्यंत बरीचशी चांदी वर आली आणि २०१५ साली ही हकीकत जगास सांगण्यात आली. इतक्या खोलीवरून एवढा माल काढण्याचा तो विक्रम ठरला. चांदीची किंमत ३ कोटी ४० लाख पौंड सांगतात. निघण्यापूर्वी त्या मंडळींनी बुडालेल्यांच्या स्मरणार्थ एक फलक तळाशी ठेवला, ही गोष्ट त्यांच्या पदरी घातलीच पाहिजे.

आणि रुपये? ते विलायतेत नेऊन वितळविण्यात आले. जी रक्कम आली ती ब्रिटिश खजिना आणि कंपनी यांनी वाटून घेतली. कायद्याने पाहू जाता यात कोणाचा अपराध नाही. आजोबांस रुपयास रुपया मिळाला होता. चांदी तेव्हाच परक्याची झाली. तरीही, सत्तर वर्षे समुद्राने जे छाप सांभाळले, ते भट्टीने एका दुपारी पुसले, हे वाचून आमचे मन खट्टू झाले. त्यांतील एखादा नाणेघर म्हणून तरी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात यावयास हरकत नव्हती.

चांदीचा हक्क किती चिवट असतो याचे दुसरे उदाहरण त्याच वर्षातले. 'तिलावा' नावाची आगबोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेस निघाली. तिच्यावर साडेनऊशेंच्या वर माणसे होती, बहुतेक हिंदी उतारू. कोणी दुकानदार, कोणी नवऱ्याकडे निघालेली, कोणी लेकरे घेऊन. २३ तारखेस जपानी पाणबुडीने तिला बुडविले आणि २८० माणसे गेली. तिच्या पोटात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी विकत घेतलेल्या २,३९१ चांदीच्या लगडी होत्या. २०१७ साली एका कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून त्यांतील बहुतेक काढून साऊथॅम्प्टनला नेल्या व श्रमाचा मोबदला मागितला. वाद चढत चढत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ८ मे २०२४ रोजी न्यायालयाने ठरविले की परक्या सरकारच्या अशा मालावर येथे दावा चालणार नाही. ८२ वर्षांनंतर लगडीन् लगड मोजलेली, मालक ठरलेला.

माणसांच्या मोजदादीचे मात्र तसे नाही. विलायती खलाशांची नावे लंडनच्या टॉवर हिलवरील स्मारकात कांस्याच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत, कोणीही जाऊन बोट ठेवावे. हिंदी खलाशांची, सहा हजारांहून अधिक, एका वहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईस मशीद बंदरच्या खलाशीगृहात, दुसरी चितगावला. आमच्या घाटाखालच्या रत्नागिरीकडील किती घरांतील मुलगे त्या काळी आगबोटींवर होते, हे तिकडच्या वाचकांस सांगावयास नको. ज्यांच्या घरी 'आजोबा बोटीवर गेले ते आलेच नाहीत' एवढीच आठवण उरली असेल, त्यांनी मुंबईस गेल्यावर ती वही पाहण्याची खटपट अवश्य करावी. 'तिलावा'च्या बुडालेल्यांच्या नातलगांनी २०२२ साली, ऐंशी वर्षे पुरी झाली तेव्हा, मुंबईस जमून त्यांचे स्मरण केले. हेही कोणी सांगितल्यामुळे घडले नाही, त्यांनी आपण होऊन केले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हे सर्व नातीस सांगितले. तिने शांतपणे ऐकले, मग तबकातील रुपये एकेक करून मोजले आणि विचारले, "पणजीआजीने डब्यात लपवले, ते पणजोबांना कळल्यावर ते रागावले का?"

रागावले नाहीत. त्यांनी ते अकरा रुपये हातात घेतले, काट्यात घालून तोलले, आणि डबा होता तेथे परत ठेवला.